नवीन आणलेलं पिल्लू सारखं उलट्या करतंय? दोन दिवस वाट पाहणं पडेल महागात

वस्तीवर राखणीला कुत्रं पाहिजे म्हणून कुणाच्या तरी गोठ्यातून पिल्लू आणलं जातं. घरातली पोरं कौतुकानं वाटीभर म्हशीचं दूध पाजतात. रात्री पिल्लू ओकतं. 'नवीन जागा आहे, होईल सवय' असं म्हणत दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी ते उठतच नाही. एखादी उलटी झाली तर घाबरायचं कारण नाही, पण लहान पिल्लू सारखं ओकत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

साधी कारणं

आईपासून तुटलेलं पिल्लू, गाडीवरचा प्रवास आणि एकदम बदललेलं खाणं यामुळे उलटी होऊ शकते. आईच्या अंगावरचं पिणं सुटलं की बऱ्याच कुत्र्यांना दूध नीट पचत नाही. जंत हे दुसरं मोठं कारण. पोट ढमढोल दिसतं, उलटीत किंवा शेणात शेवयांसारखे पांढरे जंत पडतात. एक-दोनदा ओकून पिल्लू पुन्हा खेळत असेल, पाणी पीत असेल तर लक्ष ठेवावं.

पार्व्होचा धोका

सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या, लस न दिलेल्या पिल्लांना पार्व्हो हा विषाणूचा आजार जास्त होतो. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. म्हणजे आणताना धडधाकट दिसलेलं पिल्लूही आठवड्यात आजारी पडू शकतं. आधी मलूल होतं, खाणं सोडतं, मग उलट्या आणि घाण वासाचं, बऱ्याचदा रक्ताचं पातळ जुलाब. अंगातलं पाणी संपून जीव जातो. विषाणू मारणारं औषध नाही, पण वेळेत सलाईन आणि उपचार मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात. हा आजार माणसाला होत नाही.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

- दिवसात तीन-चारपेक्षा जास्त उलट्या, पाणीही टिकत नाही
- उलटीत किंवा जुलाबात रक्त
- मानेवरची कातडी उचलून सोडली तर लगेच खाली बसत नाही, हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या
- तोंडाला लाळ, अंगाला थरथर किंवा झटके. उंदराचं औषध, फवारणीचं औषध पोटात गेल्याची शंका असेल तर त्याचं पाकीट सोबत न्यावं.

तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. गाडीची सोय नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.

हे करू नका

घरातली तापाची, अंगदुखीची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखं ठरू शकतं. मिठाचं पाणी पाजून ओकवू नये. लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवू नये, त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत चमच्यानं थोडं थोडं पाणी द्यावं, जबरदस्तीनं ओतू नये.

घशात काही अडकलंय असं वाटून उघड्या हातानं तोंडात बोट घालणं तर टाळाच. रेबीज झालेल्या कुत्र्यालाही गिळता येत नाही. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं.

पुढच्या वेळी काय?

पिल्लू दोन महिन्यांचं झाल्यावरच आणावं. त्याच आठवड्यात जंताचं औषध आणि पहिल्या लशीबद्दल विचारावं. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, नुसत्या फिनाईलनं मरत नाही. त्यामुळे ज्या अंगणात पार्व्होनं पिल्लू गेलं, तिथं लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये.