घरची शाळा आणि उघडे दार

जून उजाडला की जळगाव आणि धुळ्याच्या बाजारपेठांत वह्या-पुस्तकांच्या आणि गणवेशांच्या खरेदीची झुंबड उडते. मुलाला कोणत्या माध्यमाच्या, कोणत्या मंडळाच्या शाळेत घालावे, याची चर्चा घरोघरी रंगते. याच चर्चेत अलीकडे एक वेगळा प्रश्नही कानी पडू लागला आहे. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले तर? मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि घर हेच वर्ग झाले, तेव्हापासून हा विचार अनेकांना पूर्वीइतका विक्षिप्त वाटेनासा झाला.

ख्रिस्ती कुटुंबांत या विचाराला आणखी एक धार असते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवण्याचे काम आईवडिलांवर सोपवले आहे आणि ते घरीदारी, दिवसाच्या सर्व प्रहरी करावे, असे सांगितले आहे. जगभरातील ख्रिस्ती गृहशिक्षक पालक या उताऱ्याचा आधार घेतात. परंतु श्रद्धा हे प्रयोजन झाले. केवळ प्रयोजनावर अपूर्णांक शिकवता येत नाहीत, की दहावीचा अर्जही भरता येत नाही. घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकांना धीर द्यायचा, तर त्यांच्या हाती साधनेही द्यायला हवीत. त्यांतले पहिले साधन म्हणजे एक साधा नियम : घरची शाळा अशी चालवावी, की बाहेर जाण्याचे दार मुलासाठी कोणत्याही वर्षी उघडे असावे.

परंपरा काय सांगते?

घरी शिकणे आपल्याकडे नवे नाही. बाराव्या शतकातील थोर गणिती भास्कराचार्य यांनी आपण पित्याकडून, महेश्वरांकडून विद्या घेतल्याचे स्वतःच नमूद केले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचीही नोंद त्यात आहे. म्हणजे पित्याने पुत्राला दिलेली विद्या तिसऱ्या पिढीत सर्वांसाठी खुली झाली.

मराठी ख्रिस्ती समाजापुढे तर याहून जवळचे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्या मातेने तीर्थयात्रेच्या वाटेवर आपल्या मुलीला शिकवले. पुढे १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. घरी शिकलेल्या या स्त्रीने इतरांसाठी शाळाच काढली, ही गोष्ट आजच्या पालकांनी विसरू नये. लक्ष्मीबाई डोंगरे आधी स्वतः शिकल्या, मग त्यांनी मुलीला शिकवले, हा क्रमही ध्यानात ठेवावा.

कायद्याची चौकट

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला परिसरातील शाळेत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क त्याने दिला. कलम १० नुसार पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवण्यात आले आहे. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा वा दंड करण्याची तरतूद या कायद्यात नाही. घरी मिळणाऱ्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख त्यात एकाच संदर्भात येतो. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. इतर मुलांच्या गृहशिक्षणाला कायद्याने मान्यता दिलेली नाही आणि ते गुन्हाही ठरवलेले नाही.

याचा व्यवहारातला अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. शाळेच्या पटावर नसलेले मूल सर्वेक्षणात ‘शाळाबाह्य’ गणले जाऊ शकते. राज्यात ४ जुलै २०१५ रोजी अशा मुलांचा शोध घेण्यासाठी एकाच दिवशी घरोघर पाहणी करण्यात आली होती. उद्या असे सर्वेक्षक दारात आले, तर त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. मजुरीला जुंपलेल्या किंवा शाळेपासून वंचित राहिलेल्या मुलांसाठीच ती यंत्रणा आहे. आपले मूल काय शिकते, हे त्यांना वह्या व नोंदी दाखवून शांतपणे सांगता आले पाहिजे.

दुसरी खबरदारी त्याहून महत्त्वाची. चार कुटुंबांनी आठवड्यातून एकदा मुलांना एकत्र आणणे वेगळे आणि एखाद्या सभागृहात शुल्क घेऊन रोज वर्ग भरवणे वेगळे. मान्यतेविना शाळा चालवण्यास कलम १८ ने मनाई केली असून एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था २०१२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या खऱ्या, परंतु गणित-विज्ञानाचे नियमित वर्ग त्या आडोशाने चालवू नयेत.

दिलासा देणारी तरतूदही याच कायद्यात आहे. कलम ४ नुसार शाळेत कधीच न गेलेल्या बालकालाही त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. परतीचे दार चौदाव्या वर्षापर्यंत कायद्यानेच उघडे ठेवले आहे.

नोंदी आणि परीक्षा

बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या आज आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्या पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून. घरात कितीही मोलाचे ज्ञान असले, तरी ते लिहून ठेवले नाही तर बाहेरच्या जगाला त्याचा पुरावा राहत नाही. म्हणून गृहशिक्षण देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पहिल्या दिवसापासून एक दप्तर ठेवावे. जन्मदाखला, आधार कार्ड, शाळा सोडली असल्यास तेथील दाखला, महिनावार शिकवलेल्या घटकांची यादी, मुलाच्या निबंधांचे व गणितांचे तारखेसह नमुने आणि वाचलेल्या पुस्तकांची नोंद इतके त्यात असले, तरी पुढची अर्धी चिंता मिटते.

परीक्षेच्या वाटाही माहीत हव्यात. १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) ही सर्वांत सोयीची. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष आहेत. दहावीसाठी वयाची किमान चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. पाच विषय घ्यावे लागतात आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकाच बैठकीत देण्याची सक्ती नसल्याने मूल आपल्या गतीने पुढे जाऊ शकते. दहावीला मराठी माध्यमही उपलब्ध आहे.

दुसरी वाट राज्य मंडळाची. ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणारे विद्यार्थी आपल्या परिचयाचे आहेतच. जळगाव व धुळे जिल्ह्यांसाठी हे काम नाशिक विभागीय मंडळाकडे येते. या मार्गासाठी पूर्वीच्या शाळेचा दाखला लागतो. म्हणून मुलाला शाळेतून काढताना तो रीतसर घेऊन ठेवावा. कोणती वाट धरायची, याचा निर्णय मूल बारा वर्षांचे होईपर्यंत झालेला बरा.

ही काळजी अनाठायी नाही. मुंबईच्या मालविका राज जोशी हिने सातवीच्या सुमारास शाळा सोडली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील विख्यात एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीचे दार तिच्यासाठी बंद होते. इतकी असामान्य बुद्धी प्रत्येक मुलाकडे नसते. प्रमाणपत्र मात्र प्रत्येकाला मिळवता येते.

रोजचा अभ्यास

घरी शिकवायला महागडी आयात पुस्तके लागतात, हा गैरसमज आहे. बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे वाचता येतात. अमेरिकेतील ख्रिस्ती गृहशिक्षणाचे तयार अभ्यासक्रम पालकांना आकर्षक वाटतात. पण त्यांत डॉलरची गणिते असतात आणि अमेरिकेचा इतिहास असतो. ते पूरक म्हणून ठेवावेत. मराठी, भारताचा इतिहास आणि परिसराचा भूगोल यांचा पाया इथल्याच पुस्तकांवर घालावा.

परिसर तर अभ्यासाने भरलेला आहे. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखिते आहेत. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ मध्ये खुले झालेले गांधीतीर्थ आहे. अजिंठ्याची लेणी जळगावहून एका दिवसात पाहून परतता येते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत वनस्पतिशास्त्र, पाणी-व्यवस्थापन आणि बाजारभाव असे तीन धडे एकाच फेरीत होतात. अहिराणी बोलणारी आजी घरात असेल, तर भाषेचा तास वेगळा घ्यायलाच नको.

वेळापत्रक माफक असावे. प्राथमिक वयात सकाळचे अडीच-तीन तास एकाग्र अभ्यास झाला, तर तो पुरेसा आहे. उरलेला वेळ वाचन, हस्तव्यवसाय, संगीत आणि खेळ यांसाठी ठेवावा. बायबलचा पाठ मराठीतून व्हावा. त्यातून श्रद्धेबरोबर भाषाही घडते. मात्र विज्ञान हे विज्ञान म्हणूनच शिकवावे. ज्या मुलाला घरात प्रश्न विचारण्याची मुभा नसते, त्याची श्रद्धा महाविद्यालयातल्या पहिल्याच वादात डळमळते. शेजारच्या घरातील दिवाळी आणि ईद यांविषयी आदराने बोलणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. कारण मुलाला राहायचे आहे ते याच गल्लीत आणि याच समाजात.

एकट्याचे काम नव्हे

गृहशिक्षणाचे बहुतेक प्रयोग फसतात ते अभ्यासक्रमापायी नाही, तर थकव्यापायी. स्वयंपाक, धाकटे मूल, सासू-सासऱ्यांची देखभाल आणि त्यावर शिक्षिकेची भूमिका, असे सारे ओझे आईच्याच खांद्यावर पडते. वडिलांनी निदान दोन विषय आपल्याकडे घ्यावेत. मंडळीतील निवृत्त शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी यांची मदत मागण्यात संकोच बाळगू नये. जळगाव, भुसावळ, धुळे येथील कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र जमून मुलांचे काम परस्परांना दाखवले, तर कौतुक होते आणि परीक्षणही होते. मुलांना समवयस्क सोबतीही रोज मिळायला हवेत. त्यासाठी मैदान, वाचनालय आणि गाण्याचा वर्ग येथे धर्माची अट नसावी.

एवढे करूनही मूल एकटे पडते आहे, वाचनात दोन वर्षांनी मागे आहे किंवा आईची प्रकृती ढासळते आहे, असे दिसले तर शाळेचा मार्ग धरावा. त्यात पराभव मुळीच नाही. घरी शिकवण्याचा निर्णय पालकांच्या श्रद्धेतून होत असेल, पण त्याचे फळ मुलाच्या पदरात पडणार असते. म्हणून दरवर्षी मे महिन्यात आईवडिलांनी मुलालाही जवळ बसवून एकच विचारावे : पुढचे वर्ष घरी की शाळेत? जे उत्तर येईल ते अमलात आणता येईल, इतकी तयारी ज्या घरात आहे, त्या घराने शिक्षणाची जबाबदारी खऱ्या अर्थाने उचलली, असे म्हणता येईल.