हरेगाव : एका साखर वसाहतीचे चढउतार

हरेगाव हे श्रीरामपूर तालुक्यातील कारखान्याचे गाव. मुंबईच्या डब्ल्यू. एच. ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखालील बेलापूर कंपनीने १९२० च्या दशकात येथे साखर कारखाना चालू केला. राज्यातील सर्वांत जुन्या खासगी साखर कारखान्यांत त्याची गणना होते.

या कमी पावसाच्या मुलखात ऊस आला तो प्रवरेच्या कालव्यांमुळे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने कालव्यांना पाण्याची हमी दिली. माल पाठवायला दौंड-मनमाड लोहमार्ग जवळच होता. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते, म्हणून फड कारखान्याच्या हाताशी लागतात. त्यासाठी कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन सलग मळे उभे केले. लागणीपासून गाळपापर्यंतचे सारे काम एकाच हाताखाली आले. मजूर मळ्यांतल्या वाड्यांवर राहत. एकवाडी, दोनवाडी अशी त्यांची क्रमांकांवरून पडलेली नावे आजही रूढ आहेत.

खाण संपली की खाणीचे गाव ओस पडते. हरेगावचा कारखाना पुढे बंद पडला, पण येथे माती, पाणी व ऊस जागेवरच राहिले. बदलला तो जमिनीचा ताबा. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये खासगी कारखान्यांचे मळे सरकारजमा झाले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेले. मळे महामंडळाचे व कारखाना कंपनीचा, अशी फारकत झाली. तोवर १९५० मध्ये लोणीला सुरू झालेल्या प्रवरा कारखान्याने सहकाराची वाट घालून दिली होती. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी हाच भागधारक असे. खासगी कारखान्यामागे असे सभासद नव्हते. अखेर हरेगावचे गाळप थांबले.

महामंडळाची शेतीही पुढे आटत गेली. कंपनीला खंडाने जमिनी दिलेल्या खंडकरी शेतकऱ्यांनी त्या परत मिळवण्यासाठी अनेक दशके लढा दिला आणि २०१० नंतरच्या दशकात त्यांना जमिनी मिळू लागल्या. वाड्यांवरील कामगारांच्या नावावर मात्र कधीच जमीन नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मळे पिकवणाऱ्या या कुटुंबांची राहत्या घराच्या जागेची मागणी तितकीच न्याय्य आहे.

सप्टेंबरमधील मतमाउलीच्या (येशूची आई मरिया हिच्या) यात्रेला आजही हजारो भाविक हरेगावी येतात. गावाची ही ओळख कारखान्यानंतरही टिकली. रोजगाराची जागा मात्र भरून निघालेली नाही.