आकाशामागे लपलेला प्रोग्रॅम

‘रेव्ह्ज’ या १९८४ सालच्या गेममधलं आकाश सपाट निळं आहे. एकही ढग नाही, छटा नाहीत. आणि ते निळं आहे, कारण त्याच्यामागे प्रोग्रॅम लपवलेला आहे.

हे अगदी शब्दशः घ्यायचं. जेफ क्रॅमंड या इंग्रज प्रोग्रॅमरने सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर धावणारी फॉर्म्युला थ्री गाडी ‘बीबीसी मायक्रो’ या घरगुती कंप्युटरवर उभी केली. त्या कंप्युटरची मेमरी ३२ किलोबाइट. आज आपल्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्याच्या शंभरपट सहज भरतो. बरं, पडद्यावरचं चित्रही याच ३२ किलोबाइटमध्ये ठेवायचं, म्हणजे चित्र जितकं मोठं तितकी गेमची जागा कमी. क्रॅमंडने काय केलं, तर पडद्याच्या वरच्या पट्ट्यासाठी राखलेल्या मेमरीत चित्र न ठेवता गेमचाच कोड ठेवला. तो कोड पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा कचरा होऊन दिसला असता. म्हणून त्या पट्ट्यापुरते सगळे रंग निळेच दिसतील अशी सोय केली. खेळणाऱ्याला वाटतं, वर स्वच्छ आकाश आहे. प्रत्यक्षात तो गेमच्या आतड्यांकडे बघत असतो!

शर्यतीच्या सिम्युलेशन गेमचा सगळा इतिहास मला या निळ्या पट्ट्यात दिसतो. डोळ्यांना किती द्यायचं आणि गाडीच्या वागण्याला किती, हा तो झगडा. मेमरी लाखो पटींनी वाढली, प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, पण झगडा तसाच आहे. फक्त तेव्हा टंचाई जागेची होती आणि आता ती वेळेची आहे.

किती वेळेची? पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवत असेल, तर प्रत्येक चित्राच्या, म्हणजे फ्रेमच्या, वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात स्टिअरिंग किती वळलंय ते वाचायचं, गाडी कुठे सरकली ते काढायचं, बाकीच्या गाड्यांची चाल ठरवायची, आवाज तयार करायचा आणि झाडं, सावल्या, धूर, काचेवरचं प्रतिबिंब असं सगळं रंगवून मोकळं व्हायचं. मुंबईच्या लोकलसारखं आहे हे. गाडी ठरल्या वेळी सुटणार. तुम्ही फलाटावर अर्धा सेकंद उशिरा पोहोचलात की दहा मिनिटं उशिरा पोहोचलात, याच्याशी तिला देणंघेणं नाही, पुढची पकडा. एखादं चित्र १७ मिलिसेकंदांत तयार झालं तर पडदा तोवर जुनंच चित्र पुन्हा दाखवून मोकळा झालेला असतो. नव्या चित्राला पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागतं. उशीर एका मिलिसेकंदाहून कमी आणि दंड दुप्पट वेळेचा.

खेळणाऱ्याला हा दंड मीटरमध्ये भरावा लागतो. ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ८३ मीटर कापते. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर दोन चित्रांच्या मध्ये ती साधारण १.४ मीटर पुढे गेलेली असते. ३० फ्रेम असतील तर २.८ मीटर. म्हणजे ब्रेक दाबायची खूण ‘आत्ता’ दिसली असं वाटेपर्यंत अख्ख्या हॅचबॅकच्या लांबीचं तीन चतुर्थांश अंतर मागे पडलेलं. खऱ्या गाडीत मागचं चाक सुटायला लागलं की ते आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. घरातल्या खुर्चीला हे काही कळत नाही. तिथे सगळा भरवसा पडद्यावर आणि हातातल्या चाकाच्या थरथरीवर. त्यामुळे चित्राला झालेला उशीर प्रत्यक्षापेक्षा गेममध्ये जास्त महागात पडतो.

कंप्युटरला इतकं काम झेपलंच नाही तर? क्रॅमंडने १९९६ च्या ‘ग्रँड प्रिक्स २’मध्ये दिलेलं उत्तर विलक्षण आहे. बहुतेक गेम अशा वेळी चित्रं गाळतात. गाडी धक्के खात पुढे सरकते, पण घड्याळ बरोबर चालतं. ‘ग्रँड प्रिक्स २’ चित्रं गाळत नसे. तो काळच हळू करत असे. कीबोर्डवरचं ‘ओ’ दाबलं की प्रोसेसरवर किती टक्के भार आहे तो आकडा पडद्यावर येई. आकडा शंभरच्या वर गेला की गेममधला सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा लांब व्हायचा. हळू कंप्युटरवर जास्त तपशील चालू ठेवून खेळणारा नकळत स्लो मोशनमध्ये गाडी चालवायचा. वळणाआधी विचार करायला त्याला जास्त वेळ मिळायचा आणि लॅपची वेळ मात्र गेमच्या घड्याळाप्रमाणे लागायची. मशीन जितकं गरीब तितका ड्रायव्हर हुशार! मित्रामित्रांत लॅपच्या वेळा ताडून बघायच्या तर आधी हा भार किती होता ते विचारावं लागे. चित्राची श्रीमंती थेट काळाच्या खिशातून वसूल होते, हे इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती चित्राचं आणि गाडीच्या गणिताचं अशी दोन घड्याळं वेगळी करून. अमेरिकेतल्या पपायरस या कंपनीने १९९८ मध्ये ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’ आणला. १९६७ चा फॉर्म्युला वन मोसम, पंख नसलेल्या सिगारच्या आकाराच्या गाड्या, टायरची पकड बेताची. या गेममध्ये पडद्यावर सेकंदाला जास्तीत जास्त ३६ चित्रं येत. पण पडद्यामागे गाडीचं गणित सेकंदाला २८८ वेळा मांडलं जाई. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या दर दोन चित्रांच्या मध्ये गाडी आठ वेळा जगून घेई, आणि त्यातले सात क्षण कुणालाच कधी दिसत नसत. पुढे पपायरसचे डेव्हिड केमर यांनी ‘आयरेसिंग’ उभारलं, तिथे हे गणित सेकंदाला ३६० वेळा चालतं.

इतक्या वेळा कशासाठी, तर टायर आणि सस्पेन्शन हे अतिशय ताठ स्प्रिंग आहेत म्हणून. समजा चाक दगडावर चढलं आणि स्प्रिंग दोन सेंटिमीटर दबली. गेमने तिचा जोर काढला आणि पुढची गणना होईपर्यंत तोच जोर लावत राहिला. मधला काळ लांबला तर स्प्रिंग मूळ जागेच्या पार पलीकडे फेकली जाते, पुढच्या वेळी उलट दिशेने आणखी जास्त, आणि चार-पाच गणनांत गाडी आकाशात! जुन्या गेममध्ये साध्या कठड्याला घासून गाडी रॉकेटसारखी उडालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी बऱ्याचदा हेच पाहिलेलं असतं. चूक गणिताच्या सूत्रात नसते, दोन गणितांमधल्या अंतरात असते.

घड्याळं दोन झाली, तसे रस्तेही दोन झाले. मला सर्वांत जास्त चकित करणारी गोष्ट हीच आहे. ‘असेट्टो कोर्सा’सारख्या इटालियन सिम्युलेटरमध्ये डोळ्यांना दिसणारा रस्ता आणि टायर ज्यावर चालतात तो रस्ता या दोन स्वतंत्र जाळ्या असू शकतात, एकावर एक अंथरलेल्या. दिसणाऱ्या रस्त्यावर डांबराचा रंग आहे, टायरचे काळे पट्टे आहेत, पण आकाराने तो बराच गुळगुळीत. खालचा अदृश्य रस्ता मात्र बारीक चढउतारांनी भरलेला. खरा ट्रॅक लेसरने मोजून हे चढउतार टिपतात, मिलिमीटरच्या हिशेबात. ट्रॅकवरचा एखादा जोड, ट्रकने दाबलेली कड, ब्रेक लागतात तिथे डांबराला पडलेल्या लाटा, यांतलं काही पडद्यावर नीट दिसणारही नाही. ते हाताला कळतं. म्हणजे तपशील म्हटला की आपण जो चित्रातला तपशील समजतो, त्याहून कितीतरी बारीक तपशील गेममध्ये असतो आणि तो रंगवलेलाच नसतो.

पण विकलं जातं ते चित्र. जाहिरातीत, मासिकात, गेमच्या डब्यावर स्थिर फोटो छापता येतो. सेकंदाला ६० फ्रेम छापता येत नाहीत. जपानच्या पॉलिफनी डिजिटलचं आणि काझुनोरी यामाउची यांचं ‘ग्रान टुरिस्मो’ या ओढाताणीचं उत्तम उदाहरण. १९९७ च्या पहिल्या भागात एक गाडी सुमारे ३०० बहुभुजांची, म्हणजे छोट्या सपाट तुकड्यांची, बनलेली होती. २००१ च्या तिसऱ्या भागात सुमारे ४,००० आणि २०१० च्या पाचव्या भागात काही लाख. लाखांच्या हिशेबात एकेक गाडी घडवायला कलाकारांचे महिनेच्या महिने जातात. परिणामी पाचव्या भागातल्या हजाराहून अधिक गाड्यांपैकी दोनशेच्या आसपास ‘प्रीमियम’ निघाल्या, डॅशबोर्डवरच्या बटणांसकट. उरलेल्या ‘स्टँडर्ड’, म्हणजे जुन्या प्लेस्टेशन २ च्या काळातल्या, आतून न घडवलेल्या. एकाच शर्यतीत दोन पिढ्यांच्या गाड्या शेजारी उभ्या राहायच्या. लोकांनी नावं ठेवली, पण मला ती प्रांजळ वाटते, ही उघडी पडलेली शिवण.

उलट टोकाला इंग्लंडच्या एव्होल्यूशन स्टुडिओजचा ‘ड्राइव्हक्लब’, २०१४ चा. त्यात भारतातले रस्तेही आहेत. त्यांनी सेकंदाला ३० फ्रेमच घेतल्या आणि वाचलेला वेळ प्रकाशावर, ढगांवर आणि नंतर पावसावर उधळला. काचेवरचे थेंब गाडी वळली की बाजूला ओढले जातात. असा पाऊस नंतरच्या कित्येक गेमना साधलेला नाही. तो गेम सिम्युलेशनच्या कडेला उभा आहे, कडवा नाही, म्हणून ३० फ्रेममध्ये निभावलं. एखाद्या कडव्या सिम्युलेटरची गाडी त्या वेगाने चालवायला दिली असती तर पहिल्या वळणात पाऊस बघायलाच उरलो नसतो.

चतुर गेम या दोन टोकांच्या मधे फसवणुकीचा धंदा करतात. दूरची गाडी थोडक्या त्रिकोणांत काढतात आणि जवळ आली की गुपचूप बदलतात. आरशातलं जग कमी तपशिलाचं असतं; प्रेक्षक तर बहुधा पुठ्ठ्याचे. २००८ चा ‘वाइपआउट एचडी’ हा अंतराळछाप शर्यतीचा गेम धमाका झाला की चित्राची रुंदी काही क्षण १९२० ठिपक्यांवरून १२८० पर्यंत आणायचा आणि ताणून पडदाभर पसरायचा. धमाक्याकडे बघणाऱ्याला ते कळतच नसे. २०२२ चा ‘ग्रान टुरिस्मो ७’ तर सरळ सांगतो: प्लेस्टेशन ५ वर प्रकाशाच्या खऱ्या वाटा शोधून काढलेली प्रतिबिंबं तुम्हाला गॅरेजमध्ये आणि रिप्लेमध्ये मिळतील, शर्यतीत नाही. (पुढे आलेल्या जास्त ताकदीच्या ‘प्रो’ मशीनवर ती शर्यतीतही आली.) जिथे तुमच्या हातात स्टिअरिंग नाही, तिथे चित्राला हवं तेवढं खाऊ द्या. याहून समंजस वाटणी मला सुचत नाही.

मात्र चित्र हा निव्वळ दागिना आहे, असं सिम्युलेशनचे काही कट्टर भक्त म्हणतात ते खरं नाही. वेग आपल्याला मुळात कळतो तो जवळच्या गोष्टी किती झरझर मागे सरकतात त्यावरून. डांबराचा पोत काढून टाका, कडेचं गवत पुसा, की २०० ची गाडी ८० ने चालल्यासारखी वाटते. ब्रेक कुठे दाबायचा हे ड्रायव्हर कडेच्या फलकावरून, एखाद्या झाडावरून, रस्त्यावरच्या डागावरून ठरवतो. गेमने वेळ वाचवायला ते झाड शंभर मीटरवर आल्यावरच काढलं तर खूण मिळते, पण उशिरा. लांबचं वळण दातेरी कडांनी चिरफाळलेलं दिसत असेल तर त्याचा आतला कोपरा नेमका कुठे आहे तेच कळत नाही. म्हणून मुरलेले खेळाडू सेटिंगमध्ये आधी सावल्या, आरसे, प्रेक्षक आणि धूर कमी करतात आणि चित्राची स्पष्टता शेवटपर्यंत सोडत नाहीत. कोणता तपशील गाडी चालवायला मदत करतो आणि कोणता फक्त मिरवतो, हे त्यांचे डोळे वर्षानुवर्षांच्या सरावाने निवडतात.

त्यांच्यातले पुष्कळजण आजही २००४ चा ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ चालवतात. वॉर्थॉग या ब्रिटिश स्टुडिओचा गेम; २००१ च्या रॅली विश्वविजेत्याचं नाव त्याला दिलेलं. झाडं सपाट, दगड ओबडधोबड. पण खडीवर मागचं टोक झुलवत गाडी वळणात उतरवताना जे हाताला जाणवतं, त्याच्यासाठी लोक वीस वर्षं टिकून राहिले. त्यांनी नव्या गाड्या आणि नव्या स्टेज घातल्या, फिजिक्समध्येही सुधारणा केल्या. आणि नंतर व्हीआर (डोळ्यांवर चढवायचा आभासी पडदा) बसवलं. व्हीआरमध्ये प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र लागतं, सेकंदाला बहुधा ९० वेळा. म्हणजे दोन्ही डोळ्यांचं मिळून ११ मिलिसेकंदांत आटपायचं. तेव्हाच्या समीक्षकांना रुक्ष वाटावीत अशी ती सपाट झाडं इथे कामाला येतात. आजच्या ग्राफिक्स कार्डाला त्यांचं फारसं ओझं होत नाही.