नवा कॅमेरा कोणता? संशय, प्रयोजन आणि निर्णय

मागच्या वेळी आपण संशयाबद्दल बोललो. त्यावर काहींनी कळवलं की समोर दिसतो तो खांब की माणूस, हे उदाहरण आता फार जुनं झालं, घरातलं एखादं द्या. तर आज घरातलंच घेऊ. गेले काही महिने आमच्या घरात एक संशय मुक्कामाला आहे: जुन्या कॅमेऱ्याच्या जागी नवी बॉडी कोणती घ्यायची?

आमच्याकडे निकॉनचा डी७००० आहे. २०१० साली बाजारात आलेला, १६ मेगापिक्सेलचा. त्यावर ७०-३०० ची लेन्स. दर हिवाळ्यात आम्ही दोघं भिगवणला जातो, उजनीच्या पाण्यावर रोहित उतरतात ते पाहायला. फोटो सौ. काढतात, आम्ही होडीत बसून दिशा सांगतो, तीही बहुधा चुकीची. गेल्या वर्षापासून त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप आहे. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. आणखी किती हिवाळे कॅमेरा हातात धरता येईल, असा तो आहे.

आमचं मन मात्र आधीच ठरलं होतं. फुल फ्रेम! म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर. निकॉनचा डी७५०, २०१४ चा, २४ मेगापिक्सेल, वापरलेला बरा मिळत होता. मग आम्ही कारणं गोळा करायला लागलो. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की माणूस खल करतो तो साधनांचा, साध्याचा नव्हे; वैद्य रोग्याला बरं करावं की नाही याचा विचार करत बसत नाही, कसं करावं याचा करतो. आमचं साध्य काय होतं? खरं सांगायचं तर, फुल फ्रेमवाला म्हणवून घेणं. सौ. एवढंच म्हणाल्या, “अहो, पण तो उचलणार कोण?”

न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा, प्रयोजन चौथं, आणि निर्णय थेट नववा. आपण संशयावरून उडी मारतो ती नवव्यावर. कॅमेऱ्याच्या दुकानात तर हे रोज घडतं. म्हणून आम्ही दोघं परत चौथ्यावर आलो आणि गेल्या हिवाळ्यातले वाया गेलेले फोटो संगणकावर काढून बसलो. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न: हा कशामुळे गेला?

तीन ढीग झाले. सगळ्यात मोठा ढीग हललेल्या फोटोंचा. फोटोसोबत कॅमेरा स्वतःच माहिती नोंदवतो, ती पाहिली तर शटर बहुतेक ठिकाणी १/२५० सेकंद. लेन्समध्ये कंप आवरणारी यंत्रणा आहे, पण ती हाताचा कंप सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही, आणि हाताचाही सगळा सावरत नाही. यावर उपाय जुन्याच कॅमेऱ्यात होता: आयएसओ त्यालाच ठरवू द्यायचा आणि शटर १/१००० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. चित्रात थोडे दाणे येतात, येऊ देत. खर्च शून्य. इतकी वर्षं ही सोय मेनूत होती आणि आम्ही ती उघडली नव्हती, हे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला शोभण्यासारखंच आहे.

दुसरा ढीग पक्षी चौकटीत फार लहान आल्याचा. इथे आमचा फुल फ्रेम आडवा पडला. डी७००० चा सेन्सर लहान आहे, त्यामुळे ३०० ची लेन्स त्यावर ४५० सारखी दिसते. तीच लेन्स डी७५० वर लावली तर पक्षी चौकटीत आणखी लहान होणार. तेवढाच भाग कापून घेतला तर २४ मेगापिक्सेलमधून हाती उरतात सुमारे १०. म्हणजे १६ वरून १० वर येण्यासाठी पैसे मोजायचे! शिवाय १६ वरून २४ हा आकडा जेवढा दिसतो तेवढा नाही. फोटोची रुंदी ४९२८ ठिपक्यांवरून ६०१६ वर जाते, जेमतेम २२ टक्के. लग्नं किंवा अंधाऱ्या देवळांचे फोटो काढणाऱ्याला डी७५० खूप देईल. आम्हाला नाही.

तिसरा ढीग फोकस चुकल्याचा: पक्षी धूसर आणि मागचं गवत लखलखीत. डी७००० ला फोकसचे ३९ बिंदू आहेत, तेही मधल्या भागात दाटलेले. बिंदू पक्ष्यावर धरून ठेवायचा तो हातानेच, आणि हात तर कापतो. नवी बॉडी या ढिगापुरतीच लागणार होती. मग शोध सोपा झाला: लहान सेन्सर, पक्षी ओळखून त्याच्यावर फोकस धरून ठेवणारी बॉडी. निकॉनचा झेड५० टू, २०२४ चा, मिररलेस, यात बसतो.

वजनाची मात्र आमची कल्पना चुकली. मिररलेस म्हणजे हलका, असं धरून चाललो होतो. जुनी बॉडी बॅटरीसह ७८० ग्रॅम, नवी ५५०. पण जुनी लेन्स लावायला ॲडॉप्टर लागतो, त्याचे १२५. लेन्स तीच, ७४५ ग्रॅमची. वाचतात ते १०५ ग्रॅम. आणि आमची जुनी ५० ची डी मालिकेतली लेन्स बॉडीतल्या मोटरवर फोकस करते; ॲडॉप्टरमध्ये मोटर नाही, तेव्हा ती हाताने फिरवावी लागणार. नातवंडांचे सगळे फोटो तिच्यावरचे आहेत.

म्हणून घेण्याआधी आम्ही तो कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणला आणि भिगवण गाठलं. होडीवाल्याने इंजिन बंद केलं. शेकाट्या चिखलात चालत होता, लांब गुलाबी पायांचा. पडद्यावरची चौकट त्याच्या डोळ्यावर जाऊन बसली आणि सौ.चा हात हलला तरी ती तिथून हलली नाही. त्यांनी बरेच फोटो काढले, मग कॅमेरा मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “मोनोपॉड पण घ्या. मान दुखते.”

मागून कोणी विचारतंय, “सर, घेतला का?” मोनोपॉड घेतला. बॉडीचे पैसे बाजूला काढले आहेत. सौ.चं म्हणणं, आधी शटरची ती सोय लावून जुन्यावर एक हिवाळा काढू, मग ढीग पुन्हा मोजू. आमचं म्हणणं, हिवाळे मोजके आहेत, आत्ताच घेऊ. संशय अजून मिटलेला नाही.