मामाचा जुना बेस आणि तारांचा घोळ

ज्यांना हा एपिसोड डहाणू लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त शंभर वेळा आलेलं "म्हणजे" कमी केलंय.

तर झालं असं. आमच्या कोळगावच्या घरात माळ्यावर मामाचा बेस गिटार पडून होता. सत्तरच्या दशकातला, जपानी, हेडस्टॉकवरचं नाव पुसलेलं. ऐंशीच्या दशकात मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपती, नवरात्र, पालघरपासून डहाणूपर्यंत कार्यक्रम. मग नोकरी, पाळ्या, आणि बेस गेला माळ्यावर. आता मामाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मामा म्हणाला, "हळदीला मी वाजवणार. तारा तेवढ्या बदलून दे."

तारा बदलून द्यायच्या, एवढंच काम. आणि मी त्यात तो बेस जवळजवळ घालवला होता.

मी काय केलं? फोनवर व्हिडिओ बघितले. जेम्स जेमरसनची गोष्ट सापडली. मोटाउनच्या कितीतरी हिट गाण्यांत बेस त्याचा आहे. फेंडर प्रिसिजन बेस, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि म्हणे तुटल्याशिवाय बदलायचाच नाही. मला वाटलं, जुना बेस, जुनी गाणी, मग हाच सेट पाहिजे. 52 ते 110 गेज मागवला. गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. 110 म्हणजे जवळपास 2.8 मिलिमीटर.

लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाराव्या फ्रेटपाशी तारा इतक्या वर आलेल्या की दाबताना बोट दुखत होतं. नेक धनुष्यासारखी वाकली होती. आणि सगळ्यात जाड तार नटच्या खाचेत बसतच नव्हती, वर तरंगत होती. मी कानस घेऊन खाच मोठी करायला बसलो, तेवढ्यात मामा आला. "कानस खाली ठेव आधी," एवढंच म्हणाला. खाच एकदा घासली की परत भरून येत नाही. तार मात्र बदलता येते.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण इथेच फसतात.

बेस विकत घ्यायच्या, तारा निवडायच्या आधी एक टेप घ्या. नटपासून ब्रिजवर तार टेकते तिथपर्यंत मोजा. ही झाली स्केल. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तो 34 इंचांचा, आणि आजही बहुतेक बेस तेवढेच. पण पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनसारखा दिसणारा हॉफनर साधारण 30 इंचांचा. (तोच, जो 1972 मध्ये चोरीला गेला आणि सापडल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. माळ्यावरच्या वस्तूंना कमी लेखू नका!) त्या काळातल्या बऱ्याच जपानी बेससारखा मामाचा बेसही 30 इंचांचा निघाला.

चार इंचांनी काय फरक पडतो? खूप. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाने बदलतो. 34 वरून 30 वर आलं की ताण साधारण 22 टक्के कमी. म्हणून छोट्या बेसवर तारा ढिल्या वाटतात, आणि म्हणून व्हिडिओवाले सांगतात की जाड तारा लावा. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. कारण जाडीही वर्गानेच मोजली जाते. तशीच बनवलेली तार 100 ऐवजी 110 ची घेतली की तिचा ताण जवळपास 21 टक्के वाढतो. आधी कमी झालेलं बरंचसं परत आलं की!

34 इंची बेसवर नेहमीच्या सेटचा चारही तारांचा मिळून ताण 75-80 किलोच्या आसपास असतो. एक मोठा माणूस नेकला लटकलाय असं समजा, रात्रंदिवस. जेमरसनच्या बेसला आतून लोखंडी ट्रस रॉडचा आधार होता, जो फिरवून नेक सरळ करता येते. मामाच्या बेसला फिरवता येईल असा रॉडच नाही. वर इतकी वर्षं ढिल्या तारांवर झोपलेलं लाकूड, त्यावर अचानक एवढा भार. आणि आमच्याकडचा पावसाळा. सातपाटी-शिरगावकडून येणारी खारी, दमट हवा. लाकूड फुगणारच.

दुसरी गडबड लांबीची. लाँग स्केलच्या तारा लांब असतात. छोट्या बेसवर त्यांचा जाड भागच खुंटीवर गुंडाळावा लागतो आणि तार तिथे नीट वळत नाही. पाकिटावर "शॉर्ट स्केल" लिहिलंय का बघा. तेही पुरेसं नाही. काही बेसमध्ये तार ब्रिजच्या मागे लांब टेलपीसमध्ये अडकते. तार जिथे अडकते तिथपासून नटपर्यंत मोजा आणि ते अंतर दुकानदाराला सांगा. मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नाही.

बरं, आता आवाज. राउंडवाउंड तार म्हणजे गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली. आवाज खणखणीत, पण पृष्ठभाग खरखरीत. द हू बँडच्या जॉन एंटविसलबरोबर रोटोसाउंड कंपनीने 1966 मध्ये असा स्टीलचा सेट बनवला आणि रॉकचा बेसच बदलला. फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी गुंडाळतात. गुळगुळीत, गोल, थोडा दबका आवाज. स्लॅप वाजवणार असाल तर राउंडवाउंडच घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण मामाचे फ्रेट आधीच झिजलेत, स्टीलची राउंडवाउंड ते आणखी खाईल. बोटंही आता सत्तरीला आलीत. आणि वाजवायची आहेत आरडींची गाणी, ज्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. म्हणून फ्लॅटवाउंड.

बोईसरच्या स्टील कारखान्यात काम करणाऱ्या मित्राने एक छान प्रश्न विचारला: "स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही ना, मग पिकअप कसा पकडतो?" घरच्या भांड्यांचं 304 चिकटत नाही, बरोबर. पण बेसच्या स्टेनलेस तारांना सहसा 430 वापरतात, ते चिकटतं. अकूस्टिक बेसच्या ब्राँझ तारा मात्र इलेक्ट्रिकवर लावू नका, आवाज मरतो.

आणि हो, तारांचे डेमो फोनच्या स्पीकरवर ऐकून निवडू नका. सगळ्यात जाड तार, ई, 41 हर्ट्झवर वाजते. फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. तुम्हाला फक्त वरचे सूर ऐकू येतात, म्हणून राउंडवाउंड "भारी" आणि फ्लॅटवाउंड "मेलेला" वाटतो. इअरफोन लावा आणि मग ऐका.

शेवटी मी चर्चगेटला उतरून धोबी तलावपर्यंत चालत गेलो, बेस खांद्यावर घेऊन. शॉर्ट स्केल, फ्लॅटवाउंड, 45 ते 95, कमी ताणाचा. आधी नेकला दोन आठवडे बिनताराचा आराम दिला होता, ती बरीचशी सरळ झाली, पूर्ण नाही. नव्या तारा लावताना पहिले चार दिवस एक सूर खाली ठेवल्या, मग रोज थोडं वर. बाराव्या फ्रेटपाशी उंची रोज मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितोय. दहा दिवस झाले, आकडा हललेला नाही.

काल संध्याकाळी मामाने वाजवला. दोन गाणी झाली, मग म्हणाला, "जी तार जरा पातळ वाटते." मी म्हटलं, "मामा, सवय होईल." तो म्हणाला, "बघू." काढलेल्या जुन्या तारा त्याने बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, फेकू दिल्या नाहीत. हळद डिसेंबरात आहे.