‘ओव्हर अँड आउट’ असं काही नसतंच!

सिनेमातला हीरो वॉकीटॉकीवर स्टाइलमध्ये ‘रॉजर, ओव्हर अँड आउट’ म्हणतो. खऱ्या रेडिओवर त्याचा अर्थ होतो, ‘तू बोल, मी फोन ठेवतोय’. ‘ओव्हर’ म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल. ‘आउट’ म्हणजे विषय संपला, उत्तर नको. दोन्ही एकदम कसं जमणार?

डहाणू तालुक्यातल्या वरोरसारख्या मच्छीमार गावात हा प्रश्न फिल्मी नाही. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइलची रेंज जाते. उरतो व्हीएचएफ सेट आणि त्याचा चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. समुद्रावर व्हीएचएफवरून मदत मागायची ती जगभर याच चॅनलवर. इथे बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर नुसती खरखर! त्यात डहाणू-तलासरीची कितीतरी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कोण मराठी बोलतो, कोण गुजराती, कोण हिंदी. सगळ्यांना कळेल असा एक शब्द हवा.

तो शब्द ‘मेडे’. १९२०च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो सुचवला. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून. १९२७ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जीव धोक्यात असेल तरच हा शब्द. इंजिन बंद पडलंय पण बोट बुडत नाहीये, तर ‘पॅन-पॅन’.

समजा, बोटीचं नाव ‘सागरकन्या’. मग असं बोलायचं: ‘मेडे, मेडे, मेडे. धिस इज सागरकन्या, सागरकन्या, सागरकन्या. मेडे सागरकन्या. वरोरच्या पश्चिमेला एक-दोन नॉटिकल मैल. बोटीत पाणी शिरतंय. लगेच मदत पाहिजे. सहा माणसं. ओव्हर.’ जागा आधी, रडगाणं नंतर. कारण सेट मध्येच बंद पडला तरी कुठे यायचं ते कळलेलं असतं. जीपीएसचे आकडे वाचता आले तर उत्तमच.

आणि ‘बारा’ नाही, ‘एक-दोन’. इंग्रजीत फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ होतो म्हणून आकडे सुटे सांगतात. आपल्याकडे तर एकोणसाठ-एकोणसत्तर आहेत! शांत वर्गातसुद्धा गडबड होते, वाऱ्यात काय होईल?

ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. ‘रॉजर’ म्हणजे फक्त ‘मिळालं’. जुन्या स्पेलिंग अल्फाबेटमध्ये ‘आर’साठी रॉजर होता, रिसीव्ह्डमधला आर. पुढे तिथे रोमियो आला, पण रॉजर टिकला. त्यात ‘हो, करतो’ येत नाही; त्यासाठी ‘विल्को’.

आता इस्रोचं डॅट नावाचं उपकरण आहे, बटण दाबलं की सॅटेलाइटवरून संदेश जातो. मग बोलायचं कशाला? कारण समुद्रात सगळ्यात जवळची मदत बहुतेक वेळा शेजारची बोटच असते आणि तिला ऐकू येतो तो चॅनल १६. म्हणून तिथे गप्पा-गाणी नकोत. माझ्या मते सेट एकट्या तांडेलच्या भरवशावर ठेवणंही चूकच. तोच पाण्यात पडला तर मेडे कोण देणार? वरची पाच-सहा वाक्यं मराठीत लिहून सेटशेजारी चिकटवली, तर नवा खलाशीही वाचू शकेल. सुट्टीत घरच्या बोटीवर जाणाऱ्यांना हे करायला दहा मिनिटं पुरतात. त्याच कागदावर खाली तटरक्षक दलाचा १५५४ हा टोल-फ्री नंबरही लिहा, मोबाइलला रेंज असेल तेव्हासाठी.