स्वतः प्रकाशित केलेली विज्ञान कादंबरी: ‘द मार्शियन’ची वाटचाल 🚀

विज्ञान कादंबरी लिहिताय, पण प्रकाशक मिळत नाही? मग अँडी वीअरने धरलेली वाट बघाच!

✍️ लेखन: या प्रोग्रामरने ‘द मार्शियन’ एकेक प्रकरण करत स्वतःच्या वेबसाइटवर फुकट टाकली.

🔬 दुरुस्ती: नायक मंगळावर बटाट्यांसाठी पाणी बनवतो, हायड्रॅझिन या रॉकेट इंधनातून हायड्रोजन काढून आणि तो जाळून. इथे आकडेमोड पक्की लागते. जाणकार वाचक चुका कळवायचे, वीअर त्या सुधारायचा.

📣 प्रसार: वाचकांच्या आग्रहाखातर २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंटला ई-पुस्तक आलं आणि तोंडोतोंडी गाजलं. २०१४ मध्ये क्राउन या प्रकाशन संस्थेने ते छापलं, २०१५ मध्ये त्यावर रिडली स्कॉटचा सिनेमा आला.

तुमचंही पहिलं प्रकरण एखाद्या जाणकाराला आजच वाचायला द्या!